आफ्रिकन कथेतला उपरोध कसा वाचावा : नव्या वाचकासाठी पायऱ्या

नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची ‘सिव्हिल पीस’ ही गोष्ट पहिल्यांदा वाचून मी आमच्या वाचनकट्ट्यावर छातीठोकपणे सांगितलं होतं, “आशावादी कथा आहे. युद्धातून वाचलेला माणूस कष्ट करतो आणि पुन्हा उभा राहतो.” समोर बसलेल्या एका बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “त्याचा धाकटा मुलगा कुठे गेला?” मी पानं चाळली. मुलगा सापडला. सायकलीच्या हकिगतीत, एका वाक्याच्या सांदीत, पुरलेला. ते वाक्य मी वाचलं होतं आणि तरी वाचलं नव्हतं.

त्या फजितीनंतर आम्ही कट्ट्यावर वर्षभर फक्त आफ्रिकन लघुकथा वाचल्या. नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण मी पडले त्याच खड्ड्यात पडतो, हे बघून हे टिपण लिहायला घेतलं. यासाठी साहित्याचा अभ्यासक असायची गरज नाही. मीही नाही, माझी तीस वर्षं बँकेत गेली. काही पायऱ्या पाळल्या तर या कथांमधलं जे न बोललेलं असतं ते ऐकू यायला लागतं, आणि मग ते रस्त्यावर, सोसायटीत, सरकारी पत्रातही ऐकू यायला लागतं. त्याचा थोडा त्रास होतो, हे आधीच सांगून ठेवते.

जवळ काय असावं

- सुरुवातीला चारच गोष्टी : अचेबेंच्या ‘डेड मेन्स पाथ’ आणि ‘सिव्हिल पीस’ (दोन्ही ‘गर्ल्स अ‍ॅट वॉर’ या १९७२च्या संग्रहात आहेत), इजिप्तच्या युसुफ इद्रिस यांची ‘सर्वांत स्वस्त रात्री’ आणि सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांची दियुआना नावाच्या मोलकरणीची गोष्ट. इद्रिस मूळ अरबीत, सेम्बेन फ्रेंचमध्ये. इंग्रजी भाषांतरं मिळतात.
- आफ्रिकेचा राजकीय नकाशा. फोनमधला नको, कागदाचा. बोट ठेवता आलं पाहिजे.
- पेन्सिल आणि शंभर पानी वही.
- मोठ्याने वाचलेलं ऐकून घेणारं एक माणूस. घरातलं चालेल, पण मध्ये मध्ये “म्हणजे काय?” विचारणारं हवं.

परीक्षेच्या नोट्स आणि तयार सारांश मात्र पहिल्या वाचनाआधी उघडू नका. सारांशात घटना शिल्लक राहते, उपरोध गाळणीत अडकून जातो.

१. ‘आफ्रिका’ खोडा, देश आणि साल लिहा

वहीत गोष्टीचं नाव लिहिलं की खाली दोन गोष्टी लिहायच्या : देश कोणता, आणि गोष्ट घडते ते साल कोणतं. आफ्रिकेत ५४ देश आहेत. कैरोजवळच्या खेड्यातला उपरोध आणि जोहान्सबर्गच्या उपनगरातला उपरोध एका पोत्यात भरला तर दोन्ही नासतात.

साल तर हवंच. ‘सिव्हिल पीस’मध्ये पौंडांचे व्यवहार बघून आमच्याकडे एकाने ती इंग्लंडच्या कारकिर्दीतली गोष्ट ठरवली होती. नायजेरिया स्वतंत्र झाला १९६० साली, पण नायरा हे चलन आलं १९७३ मध्ये. तोवर पौंडच. नायजेरियातून फुटून निघालेल्या बायाफ्रा या भागाशी झालेलं यादवी युद्ध १९६७ ते जानेवारी १९७० असं चाललं आणि गोष्ट त्याच्या लगेच नंतरची आहे. एवढं माहीत असलं की ‘शांतता’ हा शब्द नेमका कुठे टोचतो ते कळतं.

गोव्याच्या वाचकांनी एक गोष्ट जास्तीची घ्यावी : मोझांबिकच्या लुईस बर्नार्दो होन्वाना यांची ‘काळ्यांचे हात’. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, त्यामुळे त्या गोष्टीतले पाद्री, मास्तर आणि त्यांचा वरून बोलण्याचा सूर तुम्हांला आजोबांच्या आठवणींतून ओळखीचा वाटण्याची बरीच शक्यता आहे. एक मूल विचारत फिरतं की काळ्या माणसांचे तळहात फिके का. प्रत्येक मोठा माणूस वेगळं, तितकंच ठाम उत्तर देतो. पाद्री म्हणतात, प्रार्थनेला हात सतत जोडलेले असतात म्हणून. कुणी म्हणतं, मालकाचं अन्न मळू नये म्हणून. शेवटी आईकडे जातं. ती आधी हसते, खूप हसते, आणि मग रडते. गोष्ट दोन-तीन पानांची आहे.

२. शब्दांची वाटणी करून घ्या

एका ‘उपरोध’ शब्दाने सगळं उरकायला गेलं की घोटाळा होतो. मराठीत त्याचे भाऊबंद भरपूर आहेत, ते आधी वेगवेगळे बसवा.

टोमणा बोलणाऱ्यालाही कळतो आणि ऐकणाऱ्यालाही. तासभर उशिरा आलेल्याला “या, लवकर आलात!” म्हटलं की तो खाली मान घालतो. व्याजस्तुती शाळेत अलंकारांत शिकलेलीच आहे : वरून स्तुती, आतून निंदा. दैवदुर्विलासात कुणी काही बोलतच नाही, परिस्थिती उलटते. आणि चौथा प्रकार नाटकातला : पडद्यामागे कोण लपलंय हे प्रेक्षकाला ठाऊक, रंगमंचावरच्या माणसाला नाही. यातल्या शेवटच्या दोन प्रकारांवर या गोष्टी बहुतेक उभ्या असतात. टोमणा त्यांत फार थोडा. नवीन वाचक टोमणा शोधत बसतो, तो सापडत नाही, आणि मग म्हणतो, “साधीच गोष्ट आहे की.”

निवेदक चेहरा कोरा ठेवून बोलतो. तुमच्या-माझ्या ओळखीत असे काका असतात, जे अंत्ययात्रेतली फजितीसुद्धा पंचांग वाचल्यासारखी सांगतात. त्यांच्याकडून ऐकल्यासारखी गोष्ट ऐका.

३. पहिलं वाचन सरळ करा

पेन्सिल खाली ठेवा. गोष्ट काय घडली एवढंच बघा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

४. दुसऱ्या वाचनात विचारा : कुणाला काय ठाऊक नाही?

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून ‘डेड मेन्स पाथ’ सविस्तर घेते.

जानेवारी १९४९. मायकेल ओबी या तरुण, उत्साही शिक्षकाला एका मागासलेल्या मिशन शाळेचं मुख्याध्यापक नेमतात. वय २६. त्याला आधुनिक पद्धती आणायच्या आहेत. बायकोला, नॅन्सीला, शाळेभोवती सुंदर बाग करायची आहे. जास्वंद आणि अलमांडाची लाल-पिवळी कुंपणं उभी राहतात. एका संध्याकाळी ओबीला दिसतं की गावातली एक म्हातारी झेंडूच्या वाफ्यातून, कुंपण ओलांडून, सरळ शाळेच्या आवारातून चालली आहे. तिथे एक पुसटशी पायवाट आहे. एका टोकाला गावाचं देवस्थान, दुसऱ्या टोकाला दफनभूमी.

ओबी ती वाट जाड ओंडके लावून आणि वर काटेरी तार ओढून बंद करतो. तीन दिवसांनी गावचा वृद्ध पुजारी भेटायला येतो. तो शांतपणे सांगतो की ही वाट तुझ्या आणि तुझ्या बापाच्या जन्माआधीपासूनची आहे. मेलेली माणसं इथून जातात, पूर्वज इथून भेटायला येतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जन्माला येणारी मुलं याच वाटेने येतात. ओबी समाधानाने हसतो. असल्या समजुती घालवणं हेच तर शाळेचं काम, असं त्याचं म्हणणं. मेलेल्यांना पायवाटा लागत नाहीत.

आता वहीत दोन रकाने आखा. डावीकडे पात्र, उजवीकडे ‘त्याला काय ठाऊक नाही’.

ओबीला ठाऊक नाही की वाट गावाची आहे. ठीक, हे कुणालाही दिसतं. पण थोडं खाली जा. तो वाट बंद का करतो? पुढच्या आठवड्यात शिक्षणाधिकारी तपासणीला येणार आहेत, त्यांना काय वाटेल, ही त्याची काळजी आहे. दोन दिवसांनी गावातली एक बाई बाळंतपणात दगावते. पुजाऱ्याने ‘जन्माला येणाऱ्या मुलांची वाट’ म्हटलं होतं ते इथे परत येतं, कुणीही बोट न दाखवता. सकाळी ओबी उठतो तेव्हा कुंपणं उपटलेली, फुलं तुडवलेली, शाळेची एक इमारत पाडलेली. आणि गोरे पर्यवेक्षक नेमके त्याच दिवशी येतात. ते अहवालात लिहितात की शाळा आणि गाव यांच्यात जमातींच्या लढाईसारखी परिस्थिती उद्भवली आहे, आणि तिला काही अंशी नव्या मुख्याध्यापकांचा भरकटलेला उत्साह कारणीभूत आहे.

ज्या तपासणीसाठी वाट बंद केली त्याच तपासणीत तो बुडाला. आमच्याकडच्या बहुतेकांचा रकाना इथेच संपतो आणि ते पेन्सिल ठेवतात. अजून एक ओळ बाकी असते : पर्यवेक्षकाला काय ठाऊक नाही? ज्याला तो ‘भरकटलेला उत्साह’ म्हणतो, तो ओबीला दिला कुणी? मिशननेच तर ‘उत्साही तरुण’ हवा म्हणून त्याला पाठवलं होतं. या रकान्यात ते नाव लिहिलं की गोष्ट पहिल्यापासून वेगळी दिसते.

*खड्डा :* ‘गावकरी अंधश्रद्ध, मुख्याध्यापक पुरोगामी’ किंवा ‘गावकरी शहाणे, मुख्याध्यापक मूर्ख’ असा निकाल लावण्याची घाई. बाई पायवाट बंद झाल्यामुळे मेली असं अचेबे कुठेही म्हणत नाहीत. नाही असंही म्हणत नाहीत.

जाता जाता : आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, वहिवाट. १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. ओबी आपल्या एखाद्या तालुक्यात असता तर गावाला कुंपणं उपटण्यापर्यंत जावंच लागलं नसतं, अर्ज पुरला असता. मात्र ‘पूर्वजांची ये-जा’ हे कारण अर्जाच्या कोणत्या रकान्यात भरायचं, हे मला सांगता येणार नाही.

५. मोजदाद दिसली की थांबा

हे बँकेतल्या सवयीने सांगते. गोष्टीत आकडे किंवा यादी आली की तो ताळेबंद समजायचा, आणि ताळेबंदात काय लपवलंय ते बघायचं.

‘सिव्हिल पीस’चा जोनाथन इवेग्बू स्वतःला कमालीचा नशीबवान समजतो. युद्धातून त्याने पाच अनमोल वरदानं वाचवून आणली आहेत : स्वतःचं डोकं, बायको मारियाचं डोकं, आणि चार मुलांपैकी तिघांची डोकी. वर बोनस म्हणून जुनी सायकल. जमेची बाजू नीट भरलेली आहे. नावेची बाजू? ‘चार मुलांपैकी तिघांची’ या तीन शब्दांत ती उरकली आहे.

मग सायकलीची हकिगत येते, खुलवून, विनोदाने. युद्धात एक ‘अधिकारी’ ती लष्करासाठी जप्त करायला येतो. त्याच्या फाटक्या बुटांतून बोटं बाहेर आलेली, एक बूट निळा, दुसरा तपकिरी, हुद्द्याची खूण घाईघाईत बॉलपेनने काढलेली. जोनाथन दोन पौंड देऊन सायकल सोडवतो आणि त्याच रात्री ती रानात पुरून ठेवतो. कुठे? छावणीतली मेलेली माणसं जिथे पुरली होती तिथे, त्यांत त्याचा धाकटा मुलगाही होता. पुढच्या वाक्याला तो वर्षभराने सायकल उकरून काढतो, आणि तिला थोडंसं पामतेल लावलं की झालं.

सायकल परत निघाली. त्या जागेतून निघण्यासारखं तेवढंच होतं. अचेबे हे म्हणत नाहीत, सायकलीला तेल लावून पुढे जातात. हेच मी पहिल्या वेळी गिळून टाकलं होतं.

आता वीस पौंड. युद्ध हरलेल्यांनी बंडखोरांचं चलन जमा केलं की सरकार त्यांना वीस पौंड देतं. त्या मदतीचं सरकारी नाव ‘एक्स ग्रेशिया’. लोकांच्या तोंडी ते बसत नाही, म्हणून ते म्हणतात ‘एग-रॅशर’. आपल्याकडे याच प्रकाराला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात आणि दिवाळीला तेही कुणाच्या तोंडी बसत नाही, सगळे ‘बोनस’ म्हणतात. ‘अनुग्रह’ शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. जोनाथनच्या शेजाऱ्यांनी त्या शब्दाचं अंड्याचं काहीतरी करून टाकलं. अडाणीपणा म्हणून हसायच्या आधी विचार करा की यात कुणी कुणाची खाली-वरची बाजू पुसली.

त्याच रात्री चोर येतात. घरातले सगळे ओरडतात, पोलीस, शेजारी, धावा! कुठूनही हालचाल नाही. मग दाराबाहेरून चोरच म्हणतात, झालं का तुमचं ओरडून? थोडी मदत करतो. आणि चोरांची अख्खी टोळी घसा फोडून पोलिसांना आणि शेजाऱ्यांना हाका मारते. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती अक्षरशः घडताना इथेच पाहिली. त्या हाकांनाही कुणी येत नाही. चोरांचा म्होरक्या समजावतो की यादवी युद्ध (‘सिव्हिल वॉर’) संपलं, आता यादवी शांतता (‘सिव्हिल पीस’) आहे. वीस पौंड जातात.

सकाळी शेजारी विचारपूस करायला जमतात तेव्हा जोनाथनची सायकलीची तयारी चाललेली असते आणि मारिया अकारा, म्हणजे आपल्या डाळवड्यांच्या जातीचे वडे, तळत असते. रात्री कुठे होतात, असं तो कुणालाही विचारत नाही.

६. पिजिन भाषांतरात सुधारू नका

चोरांचे संवाद नायजेरियन पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजी आणि तिथल्या भाषांच्या मिसळीतून झालेल्या बोलीत आहेत. मोठ्याने वाचा, अर्थ आपोआप लागतो. ते मराठीत सांगताना दोन चुका होतात : एक तर प्रमाण मराठी करून त्यांतली धार घालवायची, नाहीतर आपल्या सिनेमातल्या टपोरी भाषेत बसवून त्यांना विदूषक करायचं. दोन्ही टाळा. म्होरक्या अत्यंत सभ्यपणे बोलतो आहे, भीती त्या सभ्यपणाची आहे.

७. हसू आलं की बघा, कुणाला हसलात

युसुफ इद्रिस पेशाने डॉक्टर. ‘सर्वांत स्वस्त रात्री’ हा त्यांचा संग्रह १९५४ सालचा. त्यातला अब्देल करीम रात्रीच्या नमाजनंतर मशिदीबाहेर पडतो. गल्लीत पोरांचा सुळसुळाट, पायात पायात येतात. तो त्या पोरांना, त्यांच्या आईबापांना, एवढी पोरं पाडणाऱ्या आकाशातल्या भोकालाही शिव्या घालतो. गावच्या राखणदाराने पाजलेल्या कडक चहामुळे झोप उडाली आहे. खिशात दमडी नाही, त्यामुळे कुठे बसायला जाता येत नाही. फुकट करण्यासारखं एकच उरतं. तो घरी येतो, अंधारात झोपलेल्या स्वतःच्या मुलांना ओलांडत बायकोपर्यंत पोचतो. काही महिन्यांनी घरात आणखी एक बाळ.

कट्ट्यावर खूप हशा झाला. हशा ओसरल्यावर एकाने विचारलं, “त्या रात्री त्याच्या खिशात चार पैसे असते तर?” गोष्टीचं नाव परत वाचा. अब्देल करीमला हसणं सोपं आहे, कारण त्याला आपलं शीर्षक वाचता येत नाही.

घानाच्या आमा आटा आयडू यांच्या ‘द मेसेज’मध्ये हाच प्रश्न आणखी जवळ येतो. गावात निरोप येतो की नातीला शहरातल्या दवाखान्यात ‘उघडलं’. आजी समजते, नात गेली. ती प्रेत आणायला निघते. वाचकाला केव्हाच कळलेलं असतं की सिझेरियन झालंय, नात जिवंत आहे. आपल्या खेड्यांतही ‘पोट फाडून मूल काढलं’ असंच म्हणतात, त्यामुळे मला ती आजी परकी वाटली नाही. पण तिच्या अज्ञानाला हसता हसता लक्षात येतं की दवाखान्यातली शिकलेली माणसंही तिला हसताहेत, आणि आपण नकळत त्यांच्या बाकावर जाऊन बसलो आहोत. निरोप नीट पोचवायचं काम कुणाचं होतं?

*खड्डा :* उपरोध कळला की हुशार झाल्यासारखं वाटतं. तेवढ्यात थांबलात तर गोष्टीने तुम्हांलाच सोंग दिलंय असं समजा.

८. शेवटचा कागद कुणाच्या हातचा?

यातल्या कित्येक गोष्टी कागदाने संपतात. अहवाल, बातमी, पावती. शेवटी कागद आला तर तो कोरड्या आवाजात मोठ्याने वाचून बघा.

सेम्बेन यांची दियुआना डाकारहून मोठ्या आनंदाने फ्रान्सला, आंतीबला, मालकांच्या घरी कामाला जाते. तिथे घराच्या बाहेरचं फ्रान्स तिला दिसतच नाही. स्वयंपाक, धुणी, मुलं. शेवटी ती न्हाणीघरात स्वतःचा गळा चिरते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर, सहज नजर चुकेल अशी बातमी येते, एका ओळीची. तिच्यात दियुआनाचं नाव नाही. कारण मात्र दिलेलं आहे : घरची आठवण. ही गोष्ट १९६२च्या संग्रहात आहे. सेम्बेननी स्वतःच १९६६ साली तिच्यावर सिनेमा केला.

बातमी खोटी आहे का? एका अर्थाने नाही. तिला घरची आठवण येतच होती. पूर्ण खोटं नसलेलं वाक्य खोटं कसं बोलतं, हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. ओबीच्या पर्यवेक्षकाचा अहवाल याच्या शेजारी ठेवा. दोन्ही कागद व्याकरणशुद्ध आहेत.

९. पुस्तक मिटून रस्त्यावर या

हे लेखकांनी घडवलेलं तंत्र आहे असं समजू नका. ते तिथल्या बोलण्यातच आहे, लेखकांनी फक्त कान दिला.

नायजेरियात वीज मंडळाचं नाव नेपा होतं. लोकांनी त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ लावला : ‘नेव्हर एक्स्पेक्ट पॉवर ऑलवेज’, वीज सदा असेल अशी आशा ठेवू नका. २००५ मध्ये मंडळाचं नाव बदलून पी.एच.सी.एन. झालं, तर त्याचं झालं ‘प्लीज हॅव कँडल निअरबाय’, जवळ मेणबत्ती असू द्या. आणि एवढं सगळं असून दिवे आले की अख्ख्या गल्लीतून आनंदाची आरोळी उठते, ‘अप नेपा!’ जोनाथनचं ‘नशीबवान’ असणं समजून घ्यायला ही आरोळी पुरेशी आहे.

घानात परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. एवढे चांगले कपडे कुणी जिवंतपणी टाकून देईल यावर विश्वास कसा बसावा! झिम्बाब्वेत जानेवारी २००९ मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची नोट निघाली, एकावर चौदा शून्यं. आज ती नोट पर्यटकांना आणि संग्राहकांना विकून जे पैसे येतात, ते तिच्या तेव्हाच्या खरेदीशक्तीपेक्षा जास्त आहेत. याच काळावरची पेटिना गप्पा यांची मुपांदवानाच्या नृत्यविजेत्याची गोष्ट जरूर वाचा. शवपेट्या बनवणारा म्हातारा, पेन्शनऐवजी बूट मिळालेला; तो नाचाच्या स्पर्धेत नाचता नाचता कोसळतो आणि लोक नाचाचाच नवा प्रकार समजून टाळ्या वाजवतात. नोट बघितल्यावर ती गोष्ट अतिशयोक्त वाटत नाही.

१०. वहीतली पहिली नोंद स्वतःवरची

शंभर पानी वही यासाठी. रोजच्या जगण्यातले उपरोध टिपायचे, पण एक अट आमच्या कट्ट्यावर आहे : पहिली नोंद दुसऱ्या कुणाची चालत नाही. नाहीतर वही महिन्याभरात टोमण्यांनी भरते. राजकारणी, शेजारी, सुनबाई, झालं.

नोंद कशी करायची? चार ओळींत. काय झालं, कुणाला काय ठाऊक नव्हतं, किंमत कुणी दिली, कागदावर काय उतरलं. विशेषणं नकोत. नमुन्यासाठी माझी देते.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला खिंडार होतं. पलीकडे नाला, फळी टाकलेली, आणि त्यापलीकडे वस्ती. पेपरवाला, दूधवाला, धुण्याभांड्याच्या बायका, सगळे तिथून यायचे. मागच्या वर्षी सुरक्षेचा विषय निघाला. सर्वसाधारण सभेत खिंडार बुजवून वर तार लावायचा ठराव आला. मी हात वर केला. त्या आठवड्यात कट्ट्यावर मी दक्षिण आफ्रिकेच्या नादीन गॉर्डिमर यांची ‘वन्स अपॉन अ टाइम’ वाचून दाखवणार होते. त्यात उपनगरातलं एक घाबरलेलं कुटुंब भिंतीवर पात्यांच्या तारेची वेटोळी लावतं आणि त्यांचंच लहान पोर गोष्टीतला राजपुत्र व्हायला त्या काट्यांत शिरतं. सभेहून घरी येऊन मी त्याच गोष्टीवर पेन्सिलने खुणा केल्या.

भिंत झाली. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की सकाळी साडेसहा ते सात पुढच्या फाटकावर कुणीच नसतं. दिवसपाळीचा वॉचमन वस्तीतच राहतो. त्याला आता मोठ्या रस्त्याने वळसा पडतो, आणि रात्रपाळीचा आपल्या वेळेला निघून जातो. इतिवृत्तात लिहिलं आहे, ‘सुरक्षाव्यवस्था अधिक बळकट करण्यात आली.’

कामाला येणाऱ्या मावशी त्या दिवसापासून वीस मिनिटं उशिरा यायला लागल्या. चौथ्या दिवशी मी म्हटलं, “मावशी, अहो हल्ली रोजच उशीर?”

त्या भांड्यांकडे वळल्या, नळ सोडला आणि म्हणाल्या, “वाट तुम्हीच बंद केली ना, ताई.”